नवरा-बायकोत धंद्याचा नफा वाटला तर टॅक्स वाचतो का? गोव्याचा हिशेब वेगळा, बेळगावचा वेगळा

फोंड्यातलं एक हार्डवेअरचं दुकान धरा आणि बेळगावातल्या शहापूरमधलं एक साड्यांचं दुकान धरा. दोन्ही दुकानं नवऱ्याच्या नावावर, दोन्ही ठिकाणी बायको गल्ल्यावर बसते, दोन्हींचा वर्षाचा निव्वळ नफा २० लाख रुपये. दोघंही नव्या करप्रणालीत रिटर्न भरतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी शहापूरच्या दुकानदाराला सेससह २ लाख ८ हजार रुपये आयकर येतो. फोंड्याच्या जोडप्याला शून्य. देश एकच, आयकर कायदा एकच, दर एकच. फरक पडतो तो लग्न कुठल्या कायद्याखाली झालं यामुळे.

सीमाभागातल्या कितीतरी कुटुंबांचे सोयरे-धायरे गोव्यात आहेत. तिकडच्या पाहुण्याने "आमचा नफा निम्मा निम्मा लावतात" असं सांगितलं की इकडचा दुकानदार आपल्या सीएला विचारतो, "मग आमचा का नाही?" याचं उत्तर एका ओळीत बसत नाही. त्यात हल्लीच्या करदरांमुळे "बायकोला पार्टनर करून घ्या, टॅक्स वाचेल" हा जुना सल्लाही बऱ्याच ठिकाणी उलटा पडतो आहे.

गोव्याचं कलम ५ए

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण पोर्तुगीजांचा दिवाणी कायदा कुटुंब आणि वारसाहक्काच्या बाबतीत तसाच चालू राहिला. या कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न होताच नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते. आधीची असो की नंतर कमावलेली, दोघांचा अर्धा अर्धा वाटा. लग्नाआधी नोटरीसमोर करार करून पूर्ण विभक्त मालमत्तेची, किंवा फक्त लग्नानंतरची कमाई समाईक ठेवण्याची पद्धत निवडता येते. पण लग्न लागल्यावर ती बदलता येत नाही. बहुतेक जोडपी करार करत नाहीत, म्हणून त्यांना समाईक मालमत्तेचाच नियम लागू होतो.

आता जी मालमत्ताच दोघांची, तिच्यातून येणारं उत्पन्न कोणाचं? भारताचा आयकर गोव्यात लागू झाल्यापासून हा प्रश्न होता. नवरा-बायको मिळून एक व्यक्तीसमूह धरायचा आणि त्या समूहाला कर लावायचा, की प्रत्येकाला वेगळा? यावर अनेक वर्षं वाद झाले. शेवटी १९९४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ५ए घातलं आणि तेही १ एप्रिल १९६३ पासून मागील तारखेने. कलम असं सांगतं की समाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या नवरा-बायकोला समूह धरायचं नाही. प्रत्येक शीर्षाखालचं उत्पन्न दोघांत समान वाटायचं आणि ज्याच्या त्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. अपवाद फक्त पगाराचा. पगार ज्याने कमावला त्याच्याच नावावर राहतो. हीच तरतूद दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीलाही लागू आहे. गंमत म्हणजे कलमात या पोर्तुगीज संहितेचं साल १८६० छापलं आहे. प्रत्यक्षात ती १८६७ ची. त्याने करात काही फरक पडत नाही, पण कलम वाचताना गोंधळ होऊ नये.

तर फोंड्याचा २० लाखांचा नफा १० आणि १० झाला. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून दोघांनाही शून्य. शहापूरच्या दुकानदाराचे २० लाख एकाच डोक्यावर: पहिले ४ लाख करमुक्त, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, नंतर १०, १५, २० टक्के. बेरीज २ लाख, त्यावर ४ टक्के सेस. गोव्यात २४ लाखांपर्यंतचा धंद्याचा नफा, दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर, करमुक्त राहू शकतो. बाहेर २४ लाखांवर ३ लाख १२ हजार भरावे लागतात.

इथवर ऐकून गोव्याबाहेरचे वाचक हळहळतील. पण थांबा.

वाटणी ऐच्छिक नाही

कलम ५ए ही सवलत नाही, नियम आहे. "वाटता येईल" असं त्यात नाही, "वाटलं जाईल" असं आहे. फायदा असेल तेव्हा वाटू आणि तोटा दिसला तर नाही, असं चालत नाही. आणि तोटा होऊ शकतो, विशेषतः बायको किंवा नवरा चांगल्या पगाराच्या नोकरीत असेल तेव्हा.

म्हापशात एका जोडप्याचं औषधाचं दुकान आहे असं समजा. दुकान नवऱ्याचं, नफा १२ लाख. बायको शिक्षिका, पगार १२ लाख ७५ हजार; ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १२ लाख उरतात. हे जोडपं बेळगावचं असतं तर नवऱ्याला शून्य कर, बायकोला शून्य कर. गोव्याच्या नियमाने मात्र दुकानाचा नफा ६-६ लाख वाटला जातो. नवऱ्याचं उत्पन्न ६ लाख, कर शून्य. बायकोचं झालं १८ लाख, कर १ लाख ६० हजार आणि सेस धरून १ लाख ६६ हजार ४००. पगार वाटता येत नाही, नफा वाटावाच लागतो, म्हणून ही परिस्थिती. १२ लाखांवर सूट संपते आणि त्या उंबरठ्याच्या पलीकडे ढकललेला प्रत्येक रुपया महाग पडतो. नोकरदार जोडीदार असलेल्या गोव्यातल्या व्यापाऱ्यांनी हा हिशेब वर्ष संपायच्या आधी करून बघावा. निदान आगाऊ कर वेळेत भरता येतो आणि व्याज लागत नाही.

उलट मोठ्या नफ्यात नोकरदार बायको असूनही फायदा राहतो. दुकानाचा नफा २० लाख आणि बायकोचा पगार ९ लाख असेल तर वाटणीनंतर नवऱ्याला शून्य आणि बायकोला १ लाख ७१ हजार ६०० येतात. वाटणी नसती तर एकट्या नवऱ्याला २ लाख ८ हजार आले असते. म्हणजे सरसकट नियम सांगता येत नाही, आकडे मांडूनच बघावं लागतं.

वाटणी फक्त दुकानाच्या नफ्याची नाही हेही बरेच जण विसरतात. घरभाडं, बँकेतल्या ठेवींचं व्याज, जमीन विकल्यावरचा भांडवली नफा, सगळं निम्मं निम्मं. बायकोच्या नावावरच्या एफडीचं अर्धं व्याज नवऱ्याच्या रिटर्नमध्ये जातं. नवरा एखाद्या फर्ममध्ये भागीदार असेल तर फर्मकडून मिळणारा मोबदला कायद्याने पगार ठरत नाही, धंद्याचं उत्पन्न ठरतं. म्हणून तोही वाटला जातो. कर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, मात्र पूर्ण रक्कम ज्याच्या पॅनवर आहे त्याच्याच नावे दिसते. त्याचा मेळ घालण्यासाठी रिटर्नमध्ये "शेड्यूल ५ए" नावाचं पान आहे. त्यात जोडीदाराचं नाव, पॅन, प्रत्येक शीर्षाखाली मिळालेली रक्कम, वाटलेली रक्कम आणि कापलेल्या टीडीएसमधला जोडीदाराचा हिस्सा भरायचा. दोघांच्या रिटर्नमधले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. साधा आयटीआर-१ फॉर्म अशा जोडप्यांना चालत नाही, घरी बसलेल्या निवृत्त माणसालाही नाही.

बेळगावच्या माणसाचं गोव्यात दुकान असेल तर?

हा प्रश्न बेळगाव, खानापूर, चंदगड आणि सावंतवाडी या पट्ट्यात कायम विचारला जातो. दुकान गोव्यात आहे, पॅनवर पत्ता गोव्याचा आहे, जीएसटी नंबर गोव्याचा आहे, एवढ्याने कलम ५ए लागत नाही. कलम विचारतं ते एवढंच: या नवरा-बायकोच्या मालमत्तेला समाईक मालमत्तेची गोव्याची पद्धत लागू आहे का? बेळगावातल्या जोडप्याचं लग्न हिंदू विवाह कायद्याने झालं असेल आणि ते धंद्यासाठी मडगावात जाऊन राहिलं असेल, तर केवळ तिथे राहण्याने त्यांची मालमत्ता समाईक होत नाही. उलट गोवेकर जोडप्याने बेळगावात दुकान घातलं म्हणून त्यांची समाईक पद्धत सुटत नाही. गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागतो असं सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात म्हटलं आहे. तो निकाल वारसाहक्काचा होता, करासंबंधीचा नव्हता, पण दिशा तीच.

अडचण येते ती मिश्र लग्नांत. मुलगी पेडण्याची, मुलगा बेळगावचा, लग्न कोल्हापुरात. अशा ठिकाणी सीएने अंदाजाने "पोर्तुगीज संहिता लागू: होय" असं टिक करणं धोक्याचं आहे. नंतर हाच कागद मालमत्तेच्या वादात पुढे येऊ शकतो: तुम्हीच तर रिटर्नमध्ये अर्धा वाटा मान्य केला होता, असं समोरचा वकील म्हणेल. लग्न नोंदणीचा दाखला आणि लग्नाआधीचा करार असल्यास तो, हे दोन्ही वकिलाला दाखवून आधी पद्धत नक्की करावी, टिक नंतर.

बाकीच्या देशात: क्लबिंग

बेळगाव, निपाणी, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, सगळीकडे नियम सारखाच. नवरा-बायको दोन वेगळे करदाते, एकत्र रिटर्नची सोय नाही. आणि एकाने कर वाचवण्यासाठी उत्पन्न दुसऱ्याकडे सरकवलं तर कलम ६४ ते परत पहिल्याच्या डोक्यावर आणून ठेवतं. यालाच क्लबिंग म्हणतात.

हा नियम जुना आहे. १९२२ च्या आयकर कायद्यात १९३७ साली दुरुस्ती करून तो आला. त्या वेळी नवरा-बायको एकाच फर्ममध्ये भागीदार असले तर बायकोच्या नफ्याचा वाटाही नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचे. हे घटनेला धरून आहे का, असा वाद अकोल्याहून सर्वोच्च न्यायालयात गेला. 'बालाजी विरुद्ध आयकर अधिकारी, अकोला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६१ च्या निकालात न्यायालयाने नियम वैध ठरवला. पुढे १९९२ च्या वित्त कायद्याने फर्मवरच्या कराची पद्धत बदलली आणि भागीदारीतल्या नफ्याच्या वाट्याचं क्लबिंग गेलं. आता फर्म स्वतः कर भरते आणि भागीदाराच्या हाती येणारा नफ्याचा वाटा करमुक्त असतो.

पण दोन दारं अजून बंद आहेत. पहिलं पगाराचं. नवऱ्याच्या दुकानातून बायकोला पगार, कमिशन, फी किंवा अन्य कुठल्याही रूपात मोबदला दिला, आणि त्या धंद्यात नवऱ्याचा (नातेवाइकांचा धरून) २० टक्के किंवा जास्त वाटा असेल, तर तो मोबदला नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजला जातो. सुटका एकाच परिस्थितीत: बायकोकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि पगार फक्त त्या ज्ञान-अनुभवामुळेच मिळत असला पाहिजे. औषध दुकानात फार्मासिस्ट बायको, दवाखान्यात डॉक्टर बायको, हिशेबाला सीए बायको, इथे प्रश्न येत नाही. साड्यांच्या दुकानात वीस वर्षं माल निवडणाऱ्या बायकोचं काय? पात्रता म्हणजे पदवीचं प्रमाणपत्रच हवं असं नाही, प्रत्यक्ष ज्ञान आणि अनुभवही चालतो, असं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बट्टा कल्याणी खटल्यात १९८५ साली म्हटलं होतं. तरी पुरावा करदात्यालाच द्यावा लागतो. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या बाईचं उत्पन्न कायदा "नवऱ्याचं" म्हणतो, हे खटकणारं आहे; पण कायदा आज असा आहे.

दुसरं दार बक्षिसाचं. नवऱ्याने बायकोला ५ लाख बक्षीस दिले, त्यावर कर नाही, पण त्या ५ लाखांवर मिळणारं व्याज किंवा भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात येतं. त्या पैशांतून बायकोने स्वतःचा धंदा सुरू केला तर वर्षाच्या पहिल्या दिवशी धंद्यात एकूण किती भांडवल होतं आणि त्यात बक्षिसाचे किती, या प्रमाणात नफा क्लब होतो. धंद्यात ८ लाख भांडवल आणि त्यातले ५ लाख नवऱ्याचे असतील, तर आठातले पाच हिस्से नफा नवऱ्याकडे. त्या नफ्यातून पुढे बायकोने केलेली कमाई मात्र तिचीच. उत्पन्नाच्या उत्पन्नाला क्लबिंग नाही. लग्नाआधी दिलेल्या मालमत्तेलाही नाही, कारण देताना नवरा-बायकोचं नातं असावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये स्पष्ट केलं. माहेरहून आलेले पैसे, स्वतःच्या नोकरीतली बचत, स्त्रीधनातलं सोनं मोडून आलेली रक्कम, हे भांडवल बायकोचं स्वतःचं. त्याची बँक नोंद किंवा पावती जपून ठेवली की अर्धी लढाई जिंकली.

बक्षिसाऐवजी कर्ज देता येतं. नवऱ्याने बायकोला बँकेसारख्या दराने व्याज लावून कर्ज दिलं आणि तिने ते खरंच फेडलं, तर क्लबिंगचा प्रश्न येत नाही. फक्त "खरंच" या शब्दावर सगळं अवलंबून आहे. दुकानाची जागा बायकोची स्वतःची असेल तर तिला बाजारभावाने भाडं देणंही रास्त आहे. भाव जास्त लावला तर जास्तीचा खर्च अधिकारी नाकारू शकतो.

बायकोला पार्टनर केलं तर

आता मुख्य प्रश्न. धंदा एकट्याच्या नावावरून भागीदारी फर्ममध्ये नेला तर वाचतो का?

फर्मला स्लॅब नाहीत आणि १२ लाखांची सूटही नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर सेस. म्हणून फर्ममध्ये नफा जितका कमी उरेल तितकं बरं. नफा कमी करण्याचे कायदेशीर मार्ग दोन: काम करणाऱ्या भागीदारांना मोबदला आणि त्यांच्या भांडवलावर जास्तीत जास्त १२ टक्के साधं व्याज. मोबदल्याला मर्यादा आहे: पहिल्या ६ लाखांच्या पुस्तकी नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख यांतलं जे जास्त ते, आणि पुढच्या नफ्यावर ६० टक्के.

शहापूरच्या दुकानाचा २० लाखांचा नफा या साच्यात घालू. व्याज नाही असं समजा. मोबदला ५ लाख ४० हजार अधिक ८ लाख ४० हजार, म्हणजे १३ लाख ८० हजार. दोघांत ६ लाख ९० हजार प्रत्येकी, कर शून्य. फर्ममध्ये उरले ६ लाख २० हजार, त्यावर सेससह १ लाख ९३ हजार ४४०. एकट्याच्या नावावर २ लाख ८ हजार जात होते. वाचले १४ हजार ५६०. एवढ्यात भागीदारी पत्राचा स्टँप, नवं पॅन, फर्मचं वेगळं रिटर्न आणि सीएची वाढीव फी निघणं कठीण.

१० लाखांच्या नफ्याला तर नुकसानच आहे. एकट्याच्या नावावर कर शून्य. फर्म केली तर मोबदला ७ लाख ८० हजार, उरलेल्या २ लाख २० हजारांवर ६८ हजार ६४० कर. निपाणी-चिकोडी भागातल्या छोट्या दुकानदारांनी पूर्वी २-३ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या काळात केलेल्या फर्म आज विनाकारण कर भरत असू शकतात. ज्या फर्म ८ किंवा ६ टक्के अंदाजित नफा दाखवतात त्यांची गत आणखी वाईट, कारण त्या अंदाजित नफ्यातून भागीदारांचा मोबदला वजा करता येत नाही.

फर्मचा खरा उपयोग नफा बराच मोठा झाल्यावर. ४० लाखांवर एकट्या मालकाला ८ लाख ११ हजार २०० येतात. फर्ममध्ये मोबदला जास्तीत जास्त २५ लाख ८० हजार बसतो. पण तो पूर्ण घेतला तर प्रत्येकी १२ लाख ९० हजार होऊन दोघंही सुटीच्या बाहेर जातात आणि एकूण कर ५ लाख ९५ हजार ९२०. तोच मोबदला मुद्दाम २४ लाखांवर थांबवला तर दोघांना शून्य, फर्मला ४ लाख ९९ हजार २००. म्हणजे कमी मोबदला घेऊन ९६ हजार वाचतात. याच नफ्यावर गोव्याच्या जोडप्याला, फर्मच्या भानगडीशिवाय, ४ लाख १६ हजार येतात. (हे सगळे आकडे दुसरं उत्पन्न नाही असं धरून आहेत. शेअर्सच्या भांडवली नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला १२ लाखांची सूट मिळत नाही.)

कागदापेक्षा काम महत्त्वाचं

मोबदला वजा मिळण्यासाठी बायको "काम करणारी भागीदार" असावी लागते, म्हणजे धंद्याच्या कारभारात खरंच भाग घेणारी. भागीदारी पत्रात मोबदल्याची रक्कम किंवा ती ठरवायची रीत लिहिलेली हवी. "भागीदार परस्परसंमतीने ठरवतील" एवढं पुरत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ मार्च १९९६ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. मार्चमध्ये पत्र करून मागच्या एप्रिलपासूनचा मोबदला दाखवणंही चालत नाही.

फर्मच्या मोबदल्याला पगाराच्या क्लबिंगचा नियम लावू पाहणारा अधिकारी भेटू शकतो, कारण कलमाची भाषा "कुठल्याही रूपातील मोबदला" अशी रुंद आहे. तिथे कामी येतो तो रोजचा पुरावा: बँक खात्यावर तिची सही, पुरवठादारांशी तिचे मेसेज, बिलांवर तिचं अक्षर, महिन्याच्या महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यात जमा झालेली रक्कम. ३१ मार्चला एकच जमाखर्च नोंद टाकून वर्षाचा मोबदला दाखवला आणि पैसा नवऱ्याच्याच खात्यात राहिला, तर काय सिद्ध करणार?

१ एप्रिल २०२५ पासून आणखी एक काम वाढलं आहे. भागीदाराला मोबदला, कमिशन, बोनस, व्याज मिळून वर्षात २० हजारांच्या वर दिले की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा. त्यासाठी टॅन घ्यावा लागतो. वरच्या १३ लाख ८० हजारांच्या उदाहरणात १ लाख ३८ हजार रुपये कापले जातात आणि दोघांना कर शून्य असल्याने रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकून राहतात. नफ्याच्या वाट्यावर टीडीएस नाही.

पॅन बदलतं म्हणून जीएसटी नोंदणी नवी, दुकानाचा परवाना नवा, खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर तोही परवाना नवा, आणि बँकेचं कॅश क्रेडिट खातं नव्याने मंजूर करून घ्यायचं. जुन्या नोंदणीतली शिल्लक इनपुट क्रेडिट विहित फॉर्म भरून नव्या फर्मकडे नेता येते, पण ते आधी करायचं, जुनी नोंदणी रद्द करून मोकळं झाल्यावर नाही.

आणि जे कर-सल्ल्यात सहसा कोणी बोलत नाही ते: भागीदार झालेली बायको फर्मच्या सगळ्या कर्जाला वैयक्तिकरीत्या जबाबदार होते. भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद आहे. धंदा बुडाला तर बँक तिच्या नावावरच्या घरापर्यंत, दागिन्यांपर्यंत येऊ शकते. सही करण्याआधी तिला हे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं, आणि ती सांगणारी व्यक्ती फक्त नवरा नसावी. मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा पर्याय आहे. कराचे दर फर्मसारखेच, पण दरवर्षी कंपनी निबंधकाकडे कागद भरावे लागतात आणि अंदाजित नफ्याची सोय मिळत नाही. दुसऱ्या बाजूने, भागीदार बायकोच्या नावावर स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःचं रिटर्न तयार होतं. उद्या तिला कर्ज हवं असेल, किंवा संसार मोडला, किंवा नवरा अचानक गेला, तर भांडवली खात्यातला तिचा आकडा कोणाच्या मेहेरबानीवर नसतो. गोव्यात हा अर्धा वाटा लग्नाबरोबरच येतो. तिथे नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. बाकी ठिकाणी तो कागदावर आणावा लागतो.

कलमांचे आकडे बदलले

इथे दिलेली कलमं आयकर कायदा, १९६१ ची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. गोव्याची वाटणी आणि क्लबिंग या दोन्ही तरतुदी नव्या कायद्यातही आहेत. २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं आहे.

गोव्यातल्या जोडप्यांसाठी तारखेचीही एक बाब आहे. नवऱ्याच्या धंद्याचं, किंवा तो भागीदार असलेल्या फर्मचं, ऑडिट होत असेल तर त्या हिशेबाशिवाय बायकोलाही आपला अर्धा आकडा भरता येत नाही. ऑडिट होणाऱ्या फर्मच्या भागीदाराच्या जोडीदाराला, कलम ५ए लागू असल्यास, भागीदाराइतकीच मुदत मिळावी अशी दुरुस्ती २०२१ च्या वित्त कायद्याने केली. त्यामुळे बायको फक्त घर सांभाळत असली आणि तिच्या नावावर वाटणीचं उत्पन्न सोडून काहीच नसलं, तरी तिचं रिटर्न नवऱ्याच्या रिटर्नसोबत, ३१ ऑक्टोबरपर्यंत भरता येतं.